चव्वेचाळीसच्या पुढे

आमच्या संगणकाच्या प्रोग्रामच्या खोक्यात पूर्वी एक हमीचे कार्ड असे. ते मी लिहिले होते. वकिलाने दोन पाने मजकूर करून दिला होता, पण त्यातल्या एकाही वाक्यात माणूस माणसाशी बोलत नव्हता. ती पाने मी बाजूला सारली आणि स्वच्छ अक्षरात चार ओळी लिहून दिल्या. थोरला म्हणाला, "आई, असं कुणी लिहीत नाही." मी म्हणाले, "म्हणूनच लिहायचं." कार्ड तसेच छापले गेले, माझ्याच अक्षरात आणि खाली माझ्या सहीसकट.

चौदा वर्षांनी ते कार्ड माझ्या बैठकीच्या खोलीत परत आले. टाचणीने ते प्लास्टिकच्या पिशवीतून काढून माझ्यापुढे ठेवले आणि स्वतः खुर्चीच्या कडेवर बसली. पन्नाशी उलटली तरी ती माझ्यासमोर खुर्चीत पाठ टेकून बसत नाही.

टाचणी ही माझी पहिली विद्यार्थिनी. शिवणवर्गात आली तेव्हा सतरा वर्षांची होती, अंगाने काडी, आणि तोंडात सदैव चार टाचण्या धरलेल्या. काही विचारले तर टाचण्यांच्या फटीतून उत्तर देई. तेव्हा पडलेले नाव तिला अजून चिकटलेले आहे. तिच्या दुकानाच्या पाटीवरचे खरे नाव मला आठवावे लागते. त्या दुकानात ती गणवेश शिवते, हाताखाली दोन बायका आहेत, आणि दारावर कधी कुलूप दिसत नाही.

आमचा प्रोग्राम घेणारीही तीच पहिली. प्रोग्रामचे नाव 'बाईंचा बेत'. अंगाची अकरा मापे भरली की त्या मापाच्या कपड्याचे कागदी नमुने पूर्ण आकारात छापून येतात. ते कापडावर ठेवावेत आणि कात्री चालवावी. बेतायची रीत माझी होती. आमचे हे गणिताचे शिक्षक, त्यांनी त्या रीतीचे आकडे मांडले, आणि थोरल्याने ते संगणकात उतरवले. खोक्यावर माझा फोटो होता, गळ्यात टेप. त्या फोटोवरच प्रोग्राम खपला असे हे शेवटपर्यंत म्हणत, आणि मी त्यांना कधी खोडून काढले नाही.

"काय झालंय?" मी विचारले.

"संगणक गेला, बाई. नवा घेतला, तर त्यावर आपला प्रोग्राम उघडतच नाही. कंपनीत फोन केला. म्हणाले, जुना आता बंद झाला, नवा घ्या, आणि दर वर्षी वर्गणी भरा. मी म्हटलं, माझ्याकडे बाईंचं कार्ड आहे. तर ती मुलगी म्हणाली, कसलं कार्ड?"

शेवटचे दोन शब्द तिने अगदी सरळ सांगितले. मला मात्र कुणी तोंडात मारल्यासारखे झाले.

"मग मला फोन करायचास."

"फोनवर तुम्ही ओरडता, बाई."

"आणि समोर?"

"समोर थोडं कमी."

हसू आले तरी मी आवरले. रुग्णालयाच्या परिचारिकांचे एकशे ऐंशी गणवेश तिच्या हातात होते आणि मुदत पंधरा दिवसांची. प्रत्येकीचे माप वेगळे. सगळे नमुने हाताने काढायचे तर महिना लागला असता, आणि हे काम गेले तर पुढच्या वर्षी रुग्णालय तिच्या दारात येणार नव्हते. ती हे रडून सांगत नव्हती. कापड किती मीटर लागेल ते सांगावे तसे सांगत होती.

"आज मंगळवार," मी म्हणाले. "शुक्रवारी संध्याकाळी मी स्वतः तुझ्या दुकानात येते. नवा प्रोग्राम तुझ्या संगणकावर चालू झालेला असेल. एक पैसा द्यायचा नाहीस. मी शब्द देते."

"तुम्ही शब्द दिलात की झालं," ती म्हणाली आणि कार्ड माझ्याजवळ ठेवून गेली.

कंपनी आमच्या घराच्या खालीच, दुसऱ्या मजल्यावर आहे. एके काळी तिथे माझी बेतायची खोली होती. माझे लांब टेबल अजून तिथेच आहे, आता त्याच्याभोवती मीटिंगा होतात. ज्या लाकडावर मी चाळीस वर्षे खडू ओढला, त्यावर बुधवारी सकाळी थोरला आणि सूनबाई आपापले लॅपटॉप उघडून बसली होती. थोरला प्रोग्राम पाहतो, सूनबाई विक्री पाहते. मी कार्ड टेबलावर ठेवले.

"टाचणीला नवा प्रोग्राम द्यायचा आहे. विनामूल्य. शुक्रवारपर्यंत."

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. नवराबायको असे पाहू लागली की समजावे, हा विषय आपल्या मागे आधीच होऊन गेला आहे.

"आई, तसं नाही देता येत," थोरला म्हणाला.

"का?"

"तिने चौदा वर्षांपूर्वी एकदा पैसे दिले. त्यानंतर आपण किती काम केलं या प्रोग्रामवर? नवी कापायची यंत्रं आली, नवे संगणक आले, प्रत्येक वेळी सगळं पुन्हा लिहिलं. रंगाऱ्याकडून एकदा घर रंगवून घेतलं म्हणून तो दर वर्षी येऊन फुकट रंगवतो का?"

"रंग उडाला तर नाही. त्यानेच बांधलेली भिंत कलली तर यावं लागतं."

"भिंत कुठे कललीये? तिचा संगणक मेला."

"कार्डावर काय लिहिलंय ते वाच."

त्याने चष्मा वर सरकवून वाचले. "एकदा घ्या. आयुष्यभर वापरा. आमच्याकडून काही चूक राहिली असेल, तर ती आम्ही विनामूल्य दुरुस्त करून देऊ." मग कार्ड माझ्याकडे वळवले. "यात नवा प्रोग्राम फुकट देऊ असं कुठे आहे, ते दाखव."

मी वाचले. कुठेच नव्हते. मी लिहिले होते त्यापेक्षा अधिक उदार असे काहीतरी इतकी वर्षे माझ्या स्मरणात होते.

"आयुष्यभर वापरा असं तर आहे?"

"जुन्या संगणकावर आयुष्यभर चाललाच असता."

"आयुष्य कुणाचं धरायचं, तिचं की संगणकाचं?"

सूनबाई हसली, पण तिने आपला मुद्दा सोडला नाही. ती बोलते हळू आणि बोललेले मागे घेत नाही. हा गुण तिने माझ्याकडूनच उचलला आहे. "आई, जुने ग्राहक तीनशे बारा आहेत. एकीला दिलं की बाकीचे तीनशे अकरा विचारणार, आम्हाला का नाही. या मजल्यावर नऊ माणसं बसतात. त्यांचे पगार नव्या लोकांच्या वर्गणीतून निघतात. जुन्यांचे फोन मात्र सर्वांत जास्त. त्यांना वाटतं, एकदा घेतलं म्हणजे आपण त्यांच्या घरचेच झालो."

"झालोच होतो."

"तेव्हा तीस जण होते, आई."

तिच्या बोलण्यात खोटे काही नव्हते, आणि म्हणूनच माझ्या कपाळावर आठी पडली. खोटे असते तर मी दोन मिनिटांत विषय संपवला असता. मी म्हणाले, "नव्या प्रोग्राममध्ये असं काय आहे, की त्याची दर वर्षी किंमत मागता? यादी द्या."

सूनबाईने छापील पुस्तिका पुढे केली. मुखपृष्ठावर मीच होते, गळ्यात टेप. आत अकरा ओळींची यादी होती. नव्या यंत्रांशी जोडणी, नमुन्यांची साठवण, दोन रंगांत छपाई. सातवी ओळ अशी होती: 'मोठ्या मापांसाठी बाईंच्या मुंढ्याची नवी, अधिक आरामदायक रचना.'

मुंढा म्हणजे बाही अंगाला जिथे जोडली जाते ती खाच. आमच्या कामात माझे नाव ज्याच्यामुळे झाले तो हा मुंढाच. आणि त्याची 'नवी रचना' मी केलेली नव्हती.

"ही सातवी ओळ कुणी लिहिली?"

थोरला लॅपटॉपकडे पाहू लागला. "आपल्या कटिंगमास्तरांनी ते थोडं सुधारलं. किरकोळ आहे."

"माझ्या मुंढ्यात किरकोळ सुधारणा होते आणि मला पुस्तिकेतून कळतं?"

मी पुस्तिका उचलली आणि आतल्या खोलीत गेले.

मास्तर हे कपड्यांच्या कारखान्यात तीस वर्षे कटिंग करून आमच्याकडे आलेले गृहस्थ. देह भला थोरला, छाती अठ्ठेचाळीस, आणि आवाज एखाद्या लहान मुलीसारखा. मी त्यांना सांगितले, "तुमचंच माप भरा. जुन्या प्रोग्राममधून एक शर्ट काढा आणि नव्यातून एक. कापते मी."

"बाई, तुम्ही कशाला..."

"मास्तर, माप भरा."

जुनाट चादर होती ती मी फाडली. तीन वर्षांनी कात्री हातात घेतली होती. बोटे दुखली, पण रेषा हलली नाही. दोन्ही शर्ट कच्च्या टाक्यांनी जोडले. थोरला आणि सूनबाई दारात येऊन उभी राहिली होती. मास्तरांना आधी जुन्यातला शर्ट घातला. उभे होते तोवर तो छान बसला होता. खांदा नेमका, गळा नेमका. मला बरे वाटले.

"हात वर करा."

मास्तरांनी हात वर केले आणि शर्ट बेंबीच्याही वर आला. ते बिचारे लाजले. मी म्हणाले, "आता नवा." नव्यात त्यांनी हात वर केले, आणि शर्ट जागचा हलला नाही.

मी एका नमुन्यावर दुसरा ठेवून मुंढा जुळवून पाहिला. फरक पाऊण इंचाचा होता. माझ्या रीतीत छाती वाढेल त्याच प्रमाणात मुंढा खोल होत जाई. चव्वेचाळीसपर्यंत ते बरोबर आहे. त्याच्या पुढे छाती वाढते, पण माणसाची काख काही त्या हिशेबाने खाली सरकत नाही. हे कळायला विद्वत्ता लागत नाही, एक कपडा बेतून अंगावर घालून पाहावा लागतो. मी चव्वेचाळीसच्या पुढे कधी बेतलेच नव्हते. माझ्याकडे येणाऱ्या बायका तेवढ्या मोठ्या नसत. आकडे मांडताना आमच्या यांनी विचारले होते, "पुढे काय करायचं?" मी म्हणाले होते, "पुढे तसंच." त्या दोन शब्दांवर तीनशे बारा दुकानांत चौदा वर्षे कापड कापले गेले.

"कधी कळलं हे?" मी विचारले.

"सहा वर्षांपूर्वी," थोरला म्हणाला. "मास्तर आले तेव्हा."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"तुला कोण सांगणार, आई?"

तो उद्धटपणे बोलला नव्हता. लहानपणी काचेचे भांडे फोडले की ज्या आवाजात कबूल करायचा, त्याच आवाजात बोलला. बाबा गेले होते, तू कुणाशी धड बोलत नव्हतीस, असेही काहीतरी तो म्हणाला. माझ्या नाकावर माशी बसलेली मला चालत नाही हे घरातल्या सर्वांना ठाऊक आहे, आणि त्यांनी सहा वर्षे ती माशी माझ्यापासून लपवून ठेवली होती. वर तिला 'नवी रचना' म्हणून पुस्तिकेत छापून विकायला काढले होते.

"म्हणजे चूक आपली," मी म्हणाले, "आणि ती दुरुस्त करून देण्याचे पैसे आपण ज्यांनी ती चूक विकत घेतली त्यांच्याकडूनच मागतो."

"चूक म्हटलं तर कार्डाप्रमाणे सगळ्यांना फुकट द्यावं लागतं," सूनबाई म्हणाली. "आणि चूक म्हटलं की कुणाची, हेही विचारतील. पुस्तिकेवर फोटो तुमचा आहे, आई."

मास्तर चादरीचा शर्ट अंगावर तसाच ठेवून उभे होते, काढावा की नाही हे त्यांना कळत नव्हते.

मग थोरल्याने मार्ग काढला. टाचणीला एक प्रत गुपचूप द्यायची. बिल नाही, नोंद नाही. तू दे, तुझ्या हाताने, भेट म्हणून. तुझा शब्द राहील, तिचं काम होईल, आणि बाकीच्यांना काही कळायचं कारण नाही.

मी जन्मभर मुलांना सांगत आले की जे चारचौघांत देता येत नाही ते देऊ नये. त्या बुधवारी मी मान हलवली. टाचणीला दिलेला शब्द राहत होता हे खरे, पण मान मी त्यासाठी हलवली नाही. माझे नाव वाचत होते म्हणून हलवली.

रात्री दिवा मालवल्यावर मला अकरा वर्षांपूर्वीचा एक फोन आठवला. टाचणीचाच. रुग्णालयाने मोठ्या मापाचे बासष्ट शर्ट परत केले होते. बायकांनी हात वर केला की वर चढतात म्हणून. ती विचारत होती, बाई, मुंढ्यात काही असेल का? मी म्हणाले होते, "मुंढ्यात काही नाही. तू टेप सैल धरतेस. हात चुकतोय तुझा." बोलून फोन ठेवला होता.

शुक्रवारी संध्याकाळी मी तिच्या दुकानात गेले. बरोबर कंपनीतला एक तंत्रज्ञ होता. अरुंद दुकान, भिंतीला लागून तीन यंत्रे, मागे बेतायचे टेबल, टेबलावर निळ्या कापडाचा गठ्ठा. टाचणी हाताने नमुने काढत बसली होती, म्हणजे तिने माझ्या शब्दावर हात बांधून वाट पाहिली नव्हती. मला पाहताच तिने तोंडातल्या टाचण्या काढून उशीला खोचल्या.

"बसा, बाई. चहा?"

"आधी काम."

तंत्रज्ञ संगणकाशी बसला. मी टेबलाजवळ उभी राहिले, आणि मला ती पट्टी दिसली. पुठ्ठ्याची, पाऊण इंच रुंद, एका बाजूने गोल कापलेली, हाताळून हाताळून कडा काळ्या झालेल्या. खिळ्याला दोऱ्याने टांगली होती. तिच्यावर टाचणीच्या अक्षरात लिहिले होते: 'बाई. ४४ च्या पुढे.'

"ही काय आहे?" मी विचारले, जरी मला कळले होते.

टाचणीने पट्टीकडे पाहिले, मग माझ्याकडे. "मुंढ्याची पट्टी, बाई. मोठ्या मापांना नमुना ठेवला की ही वर लावायची आणि तेवढा मुंढा उचलून घ्यायचा. मग शर्ट चढत नाही."

"कधीपासून?"

"ते बासष्ट परत आले ना, तेव्हापासून. सगळे उसवले, तेव्हा दिसलं."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं की. तीनदा." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. "पहिल्यांदा तुम्ही म्हणालात हात चुकतोय. मी म्हटलं, असेल. दुसऱ्यांदा म्हणालात टेप बदल. टेप बदलला. तिसऱ्यांदा तुमचे हे आजारी होते, तुम्ही फोन घेतला आणि नुसतं 'टाचणी, आता नको' म्हणालात. मग मी पट्टी केली. सोपं पडलं."

यंत्रावर बसलेली बाई म्हणाली, "सगळ्यांकडे आहे ही. शाळेचे कपडे शिवतात त्यांच्याकडे, त्या कोटवाल्याकडे. बाईंची पट्टी म्हणतात. मला वाटायचं तुम्हीच दिलीये."

"तू टाके घाल," टाचणी तिला म्हणाली.

तंत्रज्ञाने सांगितले की प्रोग्राम उतरतो आहे, दहा मिनिटे लागतील. मी खुर्चीत बसले. बोलायचे ठरवून आले नव्हते, पण बोलले. नव्या प्रोग्राममध्ये मुंढा दुरुस्त झाला आहे, आता पट्टी लागणार नाही, हा तुला भेट आहे, कुणाला सांगू नकोस.

"कुणाला सांगू नको म्हणजे?"

"सगळ्यांना नाही देता येत. कंपनीचं गणित बसत नाही."

टाचणी थोडा वेळ निळ्या कापडाची घडी सारखी करत राहिली. "म्हणजे बाकीच्यांनी मुंढ्याचे पैसे भरायचे."

मी तंत्रज्ञाच्या पडद्याकडे पाहू लागले.

"आणि माझ्याकडून तुम्ही घेत नाही, कारण मी दारात आले."

"कारण तू माझी आहेस."

"तेही सगळे तुमचेच आहेत, बाई. कार्ड सगळ्यांच्या खोक्यात होतं." मग ती तंत्रज्ञाकडे वळली. "दादा, थांबवा ते. नको मला."

"वेडेपणा करू नकोस. एकशे ऐंशी गणवेश आहेत."

"चाळीस नमुने झालेत काढून. दोघींना रात्री थांबवीन. हाताने बेतायला तुम्हीच शिकवलंत, ते कुठे गेलंय? आणि भेट कसली, बाई. त्या मुंढ्याचं मोल मी बासष्ट शर्ट उसवून केव्हाच दिलं. फुकट म्हणून मला नका देऊ."

ती तेव्हाही अदबीनेच बोलत होती, आणि तेच मला सोसवेना. कुणी माझ्याशी भांडले असते तर मला भांडता आले असते. मी उठले. दारापर्यंत ती सोडायला आली, पायरीशी माझा कोपर धरला, आणि मी रस्ता ओलांडेपर्यंत तिथे उभी राहिली.

त्याच संध्याकाळी मी माझ्या टेबलाशी बसून पत्र लिहिले. तीनशे बारा जणांना एकच पत्र. 'चव्वेचाळीस इंचांच्या पुढे बाईंच्या बेतातला मुंढा चुकीचा आहे. ही चूक माझी आहे. आमच्या मुलांची किंवा तुमच्या हाताची नाही. कार्डावर लिहिल्याप्रमाणे नवा प्रोग्राम तुम्हाला विनामूल्य मिळेल.' खाली सही.

थोरल्याने ते दोनदा वाचले. "'चुकीचा' ऐवजी 'सुधारणा आवश्यक' म्हणूया का?"

"नाही."

"निदान 'तुमच्या हाताची नाही' हे तरी काढ. लोकांना समजणार नाही."

"ज्यांना समजायचं त्यांना समजेल."

"आई, याने काय होईल ते तुला माहीत आहे ना? जुन्यांची सगळी वर्गणी गेली. दोन माणसं कमी करावी लागतील."

"कमी कर."

हे मी जितक्या चटकन म्हणाले तितक्या चटकन म्हणायला नको होते. कमी झालेल्या दोघांत मास्तर होते. निरोप घ्यायला आले तेव्हा म्हणाले, "मुंढा बरोबर झालाय, बाई, आता माझं तसं काय काम." मी त्यांना बसा म्हणाले. ते बसले नाहीत. चादरीचे दोन्ही शर्ट त्यांनी नीट घडी करून आणले होते, ते माझ्या टेबलावर ठेवले आणि गेले.

पत्र गेले. मला वाटले होते, लोक रागावतील. कुणी रागावले नाही. उत्तरे आली ती वाचून मात्र मी काही दिवस खाली उतरले नाही. एकाने लिहिले होते, मुंढ्याचे आम्हाला ठाऊक होते, आमच्याकडे पट्टी आहे. दुसऱ्याने लिहिले होते, आपण कळवले हे बरे झाले, पण काम अडले नव्हते. असे पन्नास-साठ जण. सगळ्या गावाला ठाऊक होते, आणि माझ्यासमोर आले की सगळे माझ्या मुंढ्याची तारीफ करत होते. मी बोलावले की येत, मी म्हणेन त्याला हो म्हणत, आणि दुकानात जाऊन पट्टी लावत. माझा दरारा आहे असे मी इतकी वर्षे समजत होते. त्यांनी मला लहान मुलासारखे सांभाळून घेतले होते.

नवी पुस्तिका छापली गेली. मुखपृष्ठावर आता एक निळे यंत्र आहे. सूनबाईने मला विचारून बदलले. तेवढा मान तिने ठेवला.

टाचणीचे गणवेश वेळेत गेले, हे मला दुसऱ्याकडून कळले. महिनाभराने तिचे पाकीट आले. पत्र निघाले त्या दिवशी मी तिचे कार्ड तिला टपालाने परत पाठवले होते. म्हटले, सर्वांना मिळतो आहे तसा तुलाही मिळेल, हे हक्काचे कार्ड जवळ असू दे. पाकिटात तेच कार्ड होते. मागे तिने पेन्सिलीने लिहिले होते:

'बाई, सगळ्यांना मिळाला म्हणून मीही घेतला. चालू झाला. मुंढा बरोबर आहे. कार्ड परत पाठवते, आता लागणार नाही.'

पट्टीविषयी तिने काही लिहिले नव्हते. कार्ड मी हातात घेऊन पाहिले. चौदा वर्षे ते तिच्या दुकानाच्या भिंतीवर होते. चारही कोपऱ्यांना टाचण्यांची भोके होती, आणि एकेका कोपऱ्यात एकाहून अधिक, कारण भिंत रंगवली की ती ते काढून पुन्हा लावत असणार.